ओलेत्स्कोची दोन मतं

नवा माणूस भेटला की गुणवंत घाडी त्याला नाव नंतर विचारतो. आधी विचारतो, "घरात काय बोलता?"

ही सवय बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली. तिकडं एका गल्लीत मराठी, दुसरीत कन्नड, तिसरीत कोकणी आणि मशिदीमागं उर्दू. पोराला पाटी वाचता यायच्या आधी ती कुठल्या लिपीत आहे ते कळतं. गुणवंतानं वडिलांच्या खांद्यावर बसून एक नोव्हेंबरच्या काळ्या दिवसाची, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची, फेरी बघितली, मोठा झाल्यावर स्वतः दंडाला काळी फीत बांधली आणि बेळगावात आयटीआयला असताना एकदा पोलिसांची लाठीही खाल्ली. पोटरीवर वळ आहे म्हणतो. आता काही दिसत नाही, पण तो पँट वर करून दाखवतोच.

मग पोटापाण्यासाठी तो दुबईच्या पुढं रास अल खैमाला आला. टाइल्सच्या कारखान्यात भट्टीच्या देखभालीचं काम. वीस-बावीस वर्षं झाली. भट्टी ऐकते त्याचं, माणसं फारशी ऐकत नाहीत, कारण माणसांशी बोलताना याचा पारा भट्टीच्या वर असतो. बँकेत खातं उघडताना मराठीत सही केली. काउंटरवरच्या पोरीनं इंग्रजीत करा म्हटलं, तर हा म्हणाला, माझं नाव माझ्या आईनं इंग्रजीत ठेवलेलं नाही. मॅनेजर आला, त्याचा वरचा आला, शेवटी एक म्हातारा अरब अधिकारी सही बघून हसला, म्हणाला, खलास, सही म्हणजे चित्र, त्याला जे चित्र काढायचंय ते काढू दे. आजही प्रत्येक चेकवर गुणवंत देवनागरीत सही ठोकतो आणि वर बघतो, कुणी काही बोलतंय का. कुणी बोललं नाही तर जरा हिरमुसतो.

घरी बायको कावेरी आणि मुलगी ईश्वरी. कावेरी त्याच तालुक्यातली, पण तिची आई कन्नड. म्हणजे वडिलांशी मराठी आणि आईशी कन्नड असं दोन चुलींवर वाढलेली बाई. गुणवंतानं हे लग्न केलं तेव्हा त्याच्या दोस्तांनी त्याला छळ छळ छळलं. त्यानं उत्तर दिलं की बापाची भाषा ती घराची भाषा, विषय संपला. आजही आईचा फोन आला की कावेरी स्वयंपाकघरात जाऊन कन्नडमध्ये बोलते आणि गुणवंत टीव्हीचा आवाज जरा वाढवतो. ईश्वरी बारा वर्षांची, जन्म इथलाच. बापानं मराठीत विचारावं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यावं, असा त्या घरातला करार आहे.

दुबईतल्या मराठी मंडळाशी गुणवंताचं नातं मात्र खुर्च्यांचं होतं. गणपतीला, दिवाळी पहाटेला, कुठल्याही कार्यक्रमाला खुर्च्या मांडायला आणि स्पीकर लावायला याला बोलवायचं. भाषणं करणारे वेगळे. बँकवाले, आयटीवाले, पुण्या-मुंबईचे. वाईट माणसं नाहीत ती. पण माइक हातात आला की तो आपल्यासाठीच जन्माला आलाय असं त्यांना वाटतं. गुणवंत दर वर्षी अर्ज केल्यासारखा एकच विषय मांडायचा, सीमाभाग. आणि मंडळाची सेक्रेटरी सुहासिनी करंदीकर दर वर्षी तेच सांगायची. ही बाई मूळ पुण्याची, इथं एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. आवाज कधी चढत नाही, त्यामुळे तिच्याशी भांडताही येत नाही.

"गुणवंतराव, आपण इथं पाहुणे आहोत. राजकीय सभा नकोत. कुणीतरी तक्रार केली तर मंडळ जाईल आणि तुमचा व्हिसाही जाईल."

तिचं खरं होतं, हे त्याला कळत होतं. म्हणूनच जास्त राग यायचा.

यंदा मात्र त्याला वाट सापडली, आणि ती सापडली कारखान्यात. टाइल्सवर जी चकाकी चढवतात तिच्या प्रयोगशाळेत दोरोता नावाची पोलंडची बाई लागली होती. पन्नाशीची, उंच, चहात लिंबू पिळून पिणारी. पहिल्याच दिवशी गुणवंतानं तिला विचारलं, घरात काय बोलता? दोरोता हसली नाही. नीट विचार करून तिनं सांगितलं की घरात पोलिश, पण आजी मरेपर्यंत युक्रेनी बोलायची, आणि घराच्या दारावरच्या दगडात जर्मन कोरलेलं आहे.

एका घरात तीन. गुणवंतानं आपला डबा उचलला आणि तिच्या टेबलावर जाऊन बसला.

दोरोताचं गाव ओलेत्स्को, तळ्याकाठचं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ते प्रशियाच्या राज्यात होतं. त्या राज्यात प्रांत, प्रांताखाली विभाग आणि विभागाखाली क्राइस असायचे. क्राइस म्हणजे तालुक्याहून थोडा मोठा आणि आपल्या जिल्ह्याहून लहान असा ग्रामीण मुलूख. त्यावर एक लांडराट नावाचा साहेब, आपल्या प्रांतसाहेबासारखा. १८१८ साली असा ओलेत्स्को क्राइस आखला गेला. त्याचं मुख्य ठिकाण दोरोताचं गाव, तेव्हाचं नाव मारग्राबोवा. गावातला बाजारचौक एवढा मोठा की अख्ख्या जर्मनीत तसला नाही, असं तिकडचे लोक अभिमानानं सांगत. आणि खेड्यापाड्यांतल्या माणसांची घरची भाषा कुठली, तर पोलिश. मझुरी म्हणतात त्या लोकांना. पोलिशचीच एक बोली. राजा जर्मन, लांडराट जर्मन, शाळा जर्मन, कोर्ट जर्मन.

इथं गुणवंताचा घास हातातच राहिला. ही तर आपलीच गोष्ट, त्याला वाटलं. भाषा एकीकडं, राज्य दुसरीकडं. आणि गोष्ट कुठली, तर नकाशावरून पुसून गेलेल्या मुलखाची, जिथल्या कुणालाही दुबईतलं भाषण ऐकून राग येणार नाही. बेळगावचं नावही घ्यायचं नाही. फक्त ओलेत्स्को ओलेत्स्को म्हणत राहायचं, ज्याला कळायचं त्याला कळेल.

त्याच संध्याकाळी त्यानं सुहासिनीला फोन केला. विषय सांगितला, प्रशियातल्या एका ग्रामीण क्राइसचा इतिहास. मग सुहासिनीनं विचारलं की यात सीमाभाग येणार नाही ना. गुणवंतानं छातीवर हात ठेवून सांगितलं की एक शब्दही येणार नाही. फोनवर छातीवरचा हात दिसत नाही, पण त्याच्या आवाजात तो होता. नोव्हेंबरचा पहिला रविवार मिळाला. बर दुबई भागात मीना बाजारजवळच्या एका शाकाहारी हॉटेलच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, सकाळी साडेदहा. व्हॉट्सअॅपवर मंडळाचं पोस्टर फिरलं आणि गुणवंतानं ते खानापूरच्या दोस्तांना, कारखान्यातल्या इजिप्शियन फोरमनला आणि ज्या बँकेत भांडला होता तिथल्या पोरीलाही पाठवलं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा म्हणजे काय, हे सुहासिनीच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या होतं.

एवढं सगळं झाल्यावर त्यानं पुढचा इतिहास वाचायला घेतला. हीच त्याची चूक, आणि ती सीमेवरच्या माणसाचीच. घरची भाषा कळली की माणसाचं मन कळलं, असं तो धरून चालला होता. बाकी कशाला वाचायचं?

डब्याच्या वेळी त्यानं दोरोताला सहज विचारलं, की मग पहिलं महायुद्ध संपल्यावर जर्मनी हरली, पोलंड पुन्हा उभा राहिला, तेव्हा या मझुरी लोकांनी उठाव वगैरे केला असेल. दोरोता म्हणाली, उठाव नाही, मतदान झालं. ११ जुलै १९२०. पूर्व प्रशियात राहायचं की पोलंडमध्ये जायचं, ज्यानं त्यानं कागदावर सांगायचं. गुणवंत खूश झाला. वा, म्हणाला, मग काय निकाल लागला?

"पूर्व प्रशियाला अठ्ठावीस हजार सहाशे पंचवीस," दोरोता म्हणाली. "पोलंडला दोन."

"दोन हजार?"

"दोन."

गुणवंताला वाटलं ती चेष्टा करते आहे. मग त्याला राग आला. त्यानं कँटीनमध्ये सगळ्यांसमोर तिला सुनावलं की हे मतदान खोटं होतं, लांडराटानं दमदाटी केली असणार, पेट्या बदलल्या असणार, हे सगळे साहेब सारखेच. दोरोतानं लिंबू पिळलं. दबाव होता, ती म्हणाली, आमच्या शाळेतही तेच शिकवायचे. पण दबावानं अठ्ठावीस हजार माणसं एका बाजूला जात नाहीत. ते लोक पोलिश बोलायचे, पण प्रार्थनेला ल्यूथरच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये जायचे आणि पोलंड कॅथलिक. शिवाय पोलंड तेव्हा रशियाशी लढत होता, कुणाला माहीत पुढच्या वर्षी तो असेल का. तुला वाटतं भाषा पुरते. त्यांना नाही वाटलं.

चार-पाच दिवस गुणवंत तिच्या टेबलावर गेला नाही. भट्टीवरच्या पोरांवर खेकसत राहिला. रात्री फोनवर भाषांतर करून करून वाचत होता आणि जितकं वाचावं तितकं अवघड होत होतं. मत दिल्याच्या निष्ठेबद्दल १९२८ मध्ये गावाचं नावच बदलून ट्रॉयबुर्ग केलं, म्हणजे निष्ठेचा गड. पुढं क्राइसचंही तेच नाव झालं. आणि त्या निष्ठावंतांना मिळालं काय? १९३८ मध्ये त्यांच्या खेड्यांची जुनी नावं पुसून जर्मन नावं लावली, आणि पुढच्याच वर्षी चर्चमधली पोलिश प्रार्थना बंद केली. मग दुसरं महायुद्ध. रशियन फौजा आल्या, लोक बर्फातून पळाले, १९४५ मध्ये क्राइसच संपला. मुलूख पोलंडला गेला आणि रिकाम्या घरांत दुसरे लोक आणून बसवले. दोरोताच्या आजीलाही, ती युक्रेनी म्हणून, पोलंडच्याच सरकारनं असंच १९४७ मध्ये गाव सोडायला लावून मालगाडीतून तिथं आणून सोडलं होतं.

आता काय बोलणार? पोस्टर फिरलं होतं. खानापूरचे दोस्त विचारत होते, व्हिडिओ कधी पाठवतोस.

गुणवंत रागीट आहे, पण बावळट नाही. बाजारात वाढलेला माणूस, मागचं दार कुठं असतं ते त्याला कळतं. त्याला दुसरा क्राइस सापडला. प्लेस नावाचा, तोही प्रशियाचाच, पण दूर दक्षिणेला, सिलेशियात. तिथं १९२१ मध्ये असंच मतदान झालं आणि चारातल्या तीन माणसांनी पोलंडला मत दिलं. भाषा पोलिश, मतही पोलिश. सगळं जागच्या जागी. पोस्टरवर क्राइसचं नाव कुठं होतं? नुसतं 'प्रशियातल्या एका ग्रामीण क्राइसचा इतिहास' एवढंच तर होतं. झालं, ओलेत्स्को काढायचं, प्लेस घालायचं.

शुक्रवारी दुपारी अर्धी सुट्टी. कावेरी भाकऱ्या थापत होती आणि हा ओट्याला टेकून तिला नवा बेत सांगत होता. तिनं आधी ओलेत्स्कोची सगळी गोष्ट परत सांगायला लावली. मग तिनं विचारलं की त्या बायकांनाही मत होतं का. होतं, म्हणाला. म्हाताऱ्यांनाही? होतं. आणि बाहेरगावी गेलेल्यांना? तिथं जन्मलेले सगळे आगगाडीनं, बोटीनं परत आले मत द्यायला, गुणवंत म्हणाला.

"म्हणजे सगळ्यांना विचारलं."

"विचारलं की. पण बघ ना काय सांगितलं त्यांनी."

"आणि ते आवडलं नाही म्हणून तुम्ही दुसरं गाव घेणार." कावेरीनं भाकरी तव्यावर टाकली. "सात पिढ्यांच्या शिव्या घालता तुम्ही आपल्या सीमेच्या त्या आयोगाला, सोयीची गावं बघितली, गैरसोयीची सोडली म्हणून. आता तुम्ही काय करताय?"

गुणवंताचा पारा चढला. तो म्हणाला, तुला यातलं काय कळतं, तुझी आई... आणि तिथंच थांबला. तुझी आई, पुढं काय म्हणणार होता, ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. कावेरीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि वाट बघितली. तो बाहेर गेला, दोन चकरा मारून आला, जेवला. जेवताना एवढंच म्हणाला की ओलेत्स्कोच सांगतो, होऊ दे काय व्हायचं ते.

शनिवारी तो दोरोताला भेटायला तिच्या घरी गेला, सोबत कावेरीनं दिलेल्या चकल्या घेऊन. माफी वगैरे मागणं त्याच्या रक्तात नाही. चकल्या पुढं केल्या आणि म्हणाला, त्या घराचं सांग, दारावर जर्मन कोरलेल्या. दोरोतानं सांगितलं. नव्वदच्या पुढं कधीतरी जर्मनीहून एक म्हातारं जोडपं आलं आणि रस्त्यावर उभं राहून घराकडं बघत बसलं. त्या बाईचा जन्म त्या घरातला. आजीनं दार उघडलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते परत आले. तेव्हा आजीनं दार उघडलं, आणि मागच्या झाडाची टोपलीभर सफरचंदं त्यांच्या हातात दिली. झाड त्यांनीच लावलेलं होतं. तिघांत मिळून एकही भाषा सामाईक नव्हती.

रविवारी हॉल भरला. खुर्च्या या वेळी दुसऱ्यांनी मांडल्या होत्या. गुणवंतानं त्यांतल्या दोन सरळ केल्याच. पहिल्या रांगेत सुहासिनी, मांडीवर पर्स घट्ट धरून. मागं बांधकामावरची, वर्कशॉपमधली कोकण-कोल्हापूरची माणसं, सुट्टीचे इस्त्रीचे शर्ट घालून. मधे कावेरी आणि फोनमध्ये डोकं घातलेली ईश्वरी.

गुणवंतानं सुरुवात त्या बाजारचौकापासून केली. मग लांडराट, मझुरी, शाळा. घरात पोलिश आणि कचेरीत जर्मन, हे ऐकताना मागच्या रांगांतली निपाणी-बेळगावकडची मंडळी सावरून बसली. त्यांना वास लागला होता. सुहासिनीलाही लागला. तिनं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. गुणवंतानं सगळ्यांना चढवत चढवत मतदानापर्यंत आणलं आणि निकाल सांगितला.

हॉलमध्ये कुणी हसलं, कुणाला आकडा कळला नाही. नागेश नावाचा, निपाणीचा एक वेल्डर मागून उठला.

"गुणवंतदादा, हे उलटंच झालं की. मग तुमचं म्हणणं काय?"

आता सगळे त्याच्याकडं बघत होते. इतकी वर्षं ज्या माइकसाठी तो जळत होता तो हातात होता, आणि जे म्हणायला तो हवा होता ते म्हणता येत नव्हतं.

"माझं म्हणणं मी घरून घेऊन आलो होतो," गुणवंत म्हणाला. "ते वाटेत पडलं. मला वाटायचं, घरात काय बोलतात ते कळलं की झालं, माणूस कुठला ते ठरलं. या लोकांनी मला खोटं पाडलं. का पाडलं ते मी सांगितलं, देव वेगळा होता, भीती होती, काय असेल ते. चुकलेही असतील. पुढं त्यांच्या गावांची नावं पुसली, देवळातली भाषा बंद केली, शेवटी घरंही गेली. पण त्या एका दिवशी त्यांना विचारलं होतं. नोकरीसाठी लांब गेलेल्यालाही आगगाडीत बसवून आणलं आणि विचारलं. जगात किती मुलखांच्या रेघा मारल्या गेल्या, तुम्हीच मोजा, आणि कुठल्या गल्लीत कोण विचारायला आलं होतं ते आठवून बघा. मी एक शब्द दिलाय, म्हणून पुढचं मी बोलत नाही."

पहिल्या रांगेत पर्सचा पट्टा सैल झाला.

नागेश उभाच होता. "आणि ती दोन मतं?"

"ती कुणाची, माहीत नाही," गुणवंत म्हणाला. "पण त्या अठ्ठावीस हजारांच्या मुलखातच राहत होते ते. मला ते दोघं फार आवडतात. एका जागी राहून रोज अठ्ठावीस हजारांना नमस्कार करायचा, सोपं नाही."

टाळ्या फार मोठ्या झाल्या नाहीत. टाळ्यांपेक्षा चांगलं झालं. खाली वडा-सांबार खाताना भांडणं लागली. नागेश म्हणत होता की भाषाच शेवटी खरी, ते मझुरी फसले. साताऱ्याचा कुणी त्याला धर्माचं गणित समजावत होता. धारवाडकडून आलेल्या एका बाईनं सुहासिनीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. सुहासिनी हातात कॉफी घेऊन गुणवंताकडं आली. म्हणाली, तुम्ही शब्द पाळला. मग कॉफीचा घोट घेऊन म्हणाली, जवळजवळ पाळला. आणि पुढच्या वर्षीचा रविवार आताच सांगून ठेवा, नाहीतर मी दुसऱ्याला देईन.

परतीच्या वाटेवर दुपार होती, गाडीत एसी घुमत होता आणि गुणवंत आपलंच भाषण पहिल्यापासून परत करत होता. शारजा मागं पडल्यावर त्यानं मधेच भाषण सोडून कावेरीला विचारलं, की आपल्याकडं तसं मतदान झालं असतं, तर तिनं काय सांगितलं असतं.

कावेरी खिडकीबाहेर बघत होती. तिनं त्याच्याकडं वळून बघितलं.

"मत गुप्त असतं ना?"

"असतं की."

"मग गुप्तच."

"अगं, मी नवरा आहे तुझा."

"म्हणून तर," कावेरी म्हणाली.

गुणवंतानं तिला घोळात घ्यायचा प्रयत्न केला. बेळगावचा बाजार काढला, सासऱ्यांचं नाव काढलं, सासूच्या हातच्या भाकरीचं कौतुक केलं, जे त्यानं लग्नानंतर पहिल्यांदाच केलं. कावेरी बधली नाही. पण ती खुशीत होती, हे त्याला तिच्या मानेवरून कळत होतं. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं तिला, त्यानंही नाही. आणि आता विचारलंय तर ती ते उत्तर मजेत सांभाळून ठेवणार होती.

मागच्या सीटवरून ईश्वरीनं इयरफोन काढला. "कॅन आय व्होट टू?"

"दे की. कुणाला देतीस?"

"रास अल खैमा," ईश्वरी म्हणाली. "ऑब्व्हियसली."

दुसऱ्या कुठल्या दिवशी याच उत्तरावर गुणवंतानं तिला खानापूरच्या मातीपासून सुरू करून तासभर ऐकवलं असतं. आज तो हसत सुटला. तिघांची तीन मतं, त्यातलं एक बंद पेटीत. हसता हसता घरच्या वळणाची पाटी मागं गेली आणि शेजारच्या उम्म अल कुवैनच्या बाजूला बराच पुढं जाऊन त्याला गाडी फिरवून आणावी लागली. कावेरी म्हणाली, बघा पुढं. तो म्हणाला, बघतोय की. आणि चिडला नाही.